मायस्थेनिया ग्रॅव्हिस लवकर कसा ओळखायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायस्थेनियाबद्दल आम्हाला येणारे निरोप बहुतेक रात्रीचे असतात, कारण त्रास रात्रीच वाढलेला असतो. खालचे प्रश्न त्याच निरोपांतून घेतले आहेत आणि भाषा शक्य तितकी विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. उत्तरं लिहिणारा डॉक्टर नाही, रुग्णाच्या घरचा माणूस आहे. म्हणून कोणत्याही औषधाचा डोस इथे दिलेला नाही. श्वास घ्यायला किंवा गिळायला आत्ता त्रास होत असेल तर आधी निघा. प्रश्न ११ गाडीत वाचा.

१. मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा नसांचा आजार की स्नायूंचा?

दोघांच्या सांध्यावरचा. नसेतून आलेला निरोप स्नायूपर्यंत नेण्याचं काम ॲसिटिलकोलीन हे रसायन करतं आणि ते पकडायला स्नायूवर रिसेप्टर असतात. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती त्या रिसेप्टरांविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. नस धड, स्नायूही धड. बटण दाबलं जातं, पण आत बेल वाजत नाही. म्हणून पहिल्या काही हालचाली नीट होतात, तेच काम करत राहिलं की ताकद उतरते आणि थोडं बसलं की परत येते.

हा आजार दुर्मिळच. जगभरातल्या पाहण्यांत दहा लाख लोकांमागे साधारण १५० ते २०० रुग्ण आढळतात. चाळिशीच्या आतल्या बायका आणि साठीपुढचे पुरुष यांच्यात तो जास्त दिसतो, पण कुठल्याही वयात होऊ शकतो. अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते अमिताभ बच्चन यांच्या आजारपणामुळे, ऐंशीच्या दशकात.

२. सुरुवातीला नेमकं काय होतं? साधा थकवा आणि हा, यांत फरक कसा करायचा?

थकवा अख्ख्या माणसाला येतो. मायस्थेनियात ठरावीक स्नायू थकतात, आणि कुठला थकला ते बोट ठेवून सांगता येतं. "अंगात त्राणच नाही" असं म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा दुसरं काही असतं: रक्त कमी, थायरॉइड, बी १२, झोप नाही. "संध्याकाळी उजवी पापणी खाली येते" असं म्हणणाऱ्याकडे लक्ष द्यायला हवं.

निम्म्याहून जास्त रुग्णांत सुरुवात डोळ्यांपासून होते. एक पापणी पडते, कधी आज डावी आणि आठवड्याने उजवी. किंवा एकाच्या दोन वस्तू दिसतात आणि एक डोळा झाकला की एकच दिसते. काहींचं तोंडापासून सुरू होतं. पहिली अर्धी भाकरी ठीक खाल्ली जाते, मग जबडा असा थकतो की हाताने हनुवटी धरून चावावं लागतं. आरतीला सुरुवातीचा आवाज खणखणीत, शेवटाकडे नाकातून. पाणी पिताना नाकावाटे येतं. हसायला जावं तर ओठांचे कोपरे वर जात नाहीत आणि समोरच्याला वाटतं हा चिडलाय. हातापायांत असेल तर केस विंचरताना, कपडे वाळत घालताना हात खाली येतात. जिना चढताना मांड्या साथ सोडतात.

काय नसतं, हेही तितकंच महत्त्वाचं. मुंग्या, बधिरपणा नसतो. डोळ्याची बाहुली मोठी होत नाही. पापणी पडली आहे आणि त्याच डोळ्याची बाहुलीही मोठी दिसते आहे, सोबत डोकं भयंकर दुखतंय, तर तो मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा असू शकतो. तिथे या पानाचा उपयोग नाही, त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठा.

३. लक्षणं इतकी स्पष्ट आहेत तर निदानाला महिने, कधी वर्षं का लागतात?

कारण हा आजार सकाळी लपतो आणि आपली ओपीडी सकाळी असते.

बाई पहाटे उठते, पहिल्या एसटीने तालुक्याला येते, केसपेपर काढते आणि बाकावर डोळे मिटून दोन तास नंबरची वाट बघते. मायस्थेनियात डोळे मिटून घेतलेली विश्रांती म्हणजे जवळजवळ औषधच. नंबर लागेपर्यंत पापण्या जागेवर आलेल्या असतात. डॉक्टर टॉर्च मारतात, हात दाबायला सांगतात, सगळं ठीक. "टेन्शन घेता का?" हा प्रश्न आमच्याकडच्या जवळपास प्रत्येक बाईने ऐकलेला आहे, पुरुषांनी क्वचित. यात डॉक्टरांचा दोष म्हणावा तर त्यांच्यापुढे त्या क्षणी खरोखरच धडधाकट माणूस बसलेला असतो.

दुसरं कारण, प्रत्येक लक्षणाला वेगळं दार आहे. दोन-दोन दिसतं म्हणून चष्मेवाला नंबर बदलून देतो. चावता येत नाही म्हणून दाताचे डॉक्टर. आवाज बसला म्हणून कान-नाक-घसा. मान धरवत नाही म्हणून स्पॉन्डिलायटिसचा पट्टा. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं अडखळलं की पॅरालिसिसचा झटका समजून रक्त पातळ करण्याच्या गोळ्या. चार फायली चार पिशव्यांत राहतात, एकत्र कोणी वाचत नाही.

तिसरं कारण आजाराचा स्वभाव. सुरुवातीच्या काळात तो काही आठवडे आपोआप ओसरतोही. तेवढ्यात जे काही चालू असेल, टॉनिक, काढा, नवस, त्याला श्रेय जातं.

४. हळूहळू वाढणारा आजार आहे तर थोडं थांबून बघितलं तर काय बिघडतं?

हळूहळूच वाढेल याची खात्री नसते. डोळ्यांपुरत्या सुरू झालेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांत तो पुढे गिळणं, बोलणं, हात-पाय, श्वास इथवर पसरतो, आणि ज्यांच्यात पसरतो त्यांच्यात बहुधा पहिल्या दोन वर्षांत. श्वासाचे स्नायू थकून व्हेंटिलेटर लागण्याची अवस्था, जिला मायस्थेनिक क्रायसिस म्हणतात, आयुष्यात कधी ना कधी १५ ते २० टक्के रुग्णांवर येते. तीही जास्त करून सुरुवातीच्याच वर्षांत. म्हणजे धोक्याचा काळ आणि निदान न झालेला काळ एकमेकांवर येतात. उशिराची खरी किंमत ही.

निदान नसलेल्या माणसाला क्रायसिसकडे ढकलणं सोपं असतं. साधा ताप, त्यावर एखादं नेहमीचं अँटिबायोटिक (प्रश्न १२), आणि दोन दिवसांत आयसीयू. निदान झालेलं असतं तर तेच अँटिबायोटिक कोणी दिलं नसतं.

छातीत थायमोमाची गाठ असेल तर ती लहान असताना काढणं आणि आजूबाजूला पसरल्यावर काढणं यांत फार फरक आहे (प्रश्न ९). गाठ नसली तरी थायमस ही छातीतली ग्रंथी काढण्याचा फायदा दाखवणारी जी मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात आजार ५ वर्षांच्या आतला असलेलेच रुग्ण होते. उशिरा पोचणाऱ्याला तो पुरावा पुरेसा लागू होत नाही.

आणि डोळे. वर्षानुवर्षं उपचाराविना राहिलेले डोळ्यांचे स्नायू कधी कधी कायमचे अडकून बसतात, मग औषधानेही पूर्ण हलत नाहीत.

डोळ्यांपुरता आजार असताना स्टिरॉइड सुरू केलं तर पसरणं टळतं का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. काही निरीक्षणांत फायदा दिसला आहे, पण ठाम निकाल नाही. मात्र तो निर्णय घ्यायला आधी निदान तर हवं.

५. डॉक्टरांसमोर गेल्यावर सगळं नॉर्मल दिसतं. काय करू?

व्हिडिओ काढा. आमचा सगळ्यात जास्त वेळा दिलेला सल्ला हाच आहे.

संध्याकाळी सात-आठच्या सुमारास, दिवसभराची कामं झाल्यावर, ट्यूबलाइट चेहऱ्यावर पडेल असं बसवा. चष्मा काढा, केस, पदर कपाळावरून मागे घ्या. मोबाइल दुसऱ्याने धरावा, डोळ्यांच्या उंचीवर. आधी सरळ समोर बघायला सांगून दहा सेकंद. मग मान न हलवता फक्त डोळ्यांनी छताकडे, पूर्ण एक मिनिट, पापणी न मिटता. पापणी हळूहळू उतरताना दिसली तर तेच हवंय. त्यानंतर एक ते पन्नास मोठ्याने मोजायला लावा. आवाज तिशीच्या पुढे नाकात जातो का, ते ऐकू येईल. शेवटी दोन्ही हात खांद्याच्या रेषेत समोर धरायला सांगा आणि किती वेळाने खाली येतात ते बघा. मग डोळे मिटून पाच मिनिटं बसवा आणि पुन्हा चेहरा टिपा. आधीचा आणि नंतरचा चेहरा शेजारी-शेजारी ठेवला की बरंच काही बोलून जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या तोच प्रयोग करा. बरोबर दोन वर्षांपूर्वीचा एखादा फोटो न्या, लग्नातला चालेल, आधार कार्डावरचा नको. चारही पिशव्यांतल्या फायली एका पिशवीत घाला आणि चालू असलेली प्रत्येक गोळी, डोळ्यांचे थेंबसुद्धा, पाकिटासकट न्या. नंबर शक्यतो दुपारनंतरचा घ्या.

६. कोणत्या डॉक्टरांकडे जायचं?

न्यूरोलॉजिस्टकडे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून सुरुवात झाली असेल तर "मायस्थेनियाची शक्यता वाटते का?" असं सरळ विचारा, पुष्कळदा पहिला संशय त्यांनाच येतो. मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे, नागपुरात सुपर स्पेशालिटी, गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), या सरकारी-महापालिका रुग्णालयांत न्यूरोलॉजीचा विभाग आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी खाजगी न्यूरोलॉजिस्ट आठवड्यातून एखाद दिवस येतात, तो दिवस आधी फोन करून विचारून घ्या.

७. बर्फ ठेवून बघायची टेस्ट घरी करू का?

करायला हरकत नाही, पण निकाल स्वतः लावू नका. गारव्यात नस आणि स्नायूंमधला व्यवहार सुधारतो. पडलेल्या पापणीवर, डोळा मिटून, रुमालात गुंडाळलेला बर्फ दोन मिनिटं ठेवायचा आणि लगेच बघायचं. पापणी दोन मिलिमीटर किंवा जास्त वर आली तर संशय बळावतो. त्याचाही व्हिडिओ काढा. वर नाही आली म्हणून मायस्थेनिया नाही, असं मात्र ठरत नाही. उन्हाळ्यात याचंच उलट होतं: विदर्भ-मराठवाड्यातल्या रुग्णांना एप्रिल-मे जड जातात.

८. कोणत्या तपासण्या करतात? एका रक्ताच्या टेस्टवर भागतं का?

कधी कधी भागतं. एसीएचआर (ॲसिटिलकोलीनच्या रिसेप्टरविरुद्धच्या) अँटिबॉडीची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली आणि लक्षणं जुळली की निदान पक्कं. सर्वांगाचा आजार असलेल्या साधारण ८५ टक्के रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते, फक्त डोळ्यांचा असलेल्यांत मात्र निम्म्यांतच. खर्च काही हजारांत जातो आणि नमुना बहुधा मोठ्या शहरातल्या लॅबला जातो, त्यामुळे रिपोर्टला काही दिवस धरून चाला. ती निगेटिव्ह आली तर मस्क अँटिबॉडी, म्हणजे स्नायूवरच्या दुसऱ्या एका प्रथिनाविरुद्धची, बघतात.

दुसरी तपासणी आरएनएस. नसेला सेकंदाला दोन-तीन वेळा सौम्य विजेचा झटका देतात आणि स्नायूचा प्रतिसाद मोजतात. तो दहा टक्क्यांहून जास्त घसरत गेला तर अर्थ उघड आहे. थोडं टोचतं, सहन होतं. ज्या स्नायूत त्रास आहे त्याच्यावर ही टेस्ट करणं महत्त्वाचं. पापणी पडते आणि टेस्ट फक्त हाताची केली तर नॉर्मल यायची शक्यता मोठी. पिरिडोस्टिग्मिन ही या आजारावरची गोळी (प्रश्न १०) चालू असेल तर टेस्टआधी ती किती तास थांबवायची ते डॉक्टर सांगतात. गिळायला त्रास होणाऱ्याने मनाने थांबवू नये.

थायरॉइडही तपासतात, कारण स्वयंप्रतिकार आजार जोडीने फिरतात. सगळंच निगेटिव्ह आलं तर प्रश्न १७ बघा.

९. त्रास पापणीचा आणि सीटी छातीचा का?

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती प्रतिकारशक्तीच्या पेशी घडवते आणि मोठेपणी आक्रसते. मायस्थेनियाच्या बऱ्याच तरुण रुग्णांत ती वाढलेलीच राहते, आणि १० ते १५ टक्के रुग्णांत तिथे थायमोमा ही गाठ सापडते. गाठ असेल तर ती काढावीच लागते. गाठ नसताना ग्रंथी काढायची का, हे वय, अँटिबॉडी आणि आजार किती जुना यावर ठरतं. वर उल्लेख केलेल्या २०१६ च्या चाचणीत १२६ रुग्ण होते, सगळे एसीएचआर पॉझिटिव्ह. ग्रंथी काढलेल्यांना तीन वर्षांत त्रासही कमी राहिला आणि स्टिरॉइडही कमी लागलं. फायदा दिसायला महिने-वर्षं लागतात, टाके निघाले की बरं होईल अशी आशा धरू नका. मस्क पॉझिटिव्ह असणाऱ्यांना या शस्त्रक्रियेचा उपयोग होत नाही.

१०. गोळीने अर्ध्या तासात बरं वाटतं. मग स्टिरॉइड कशाला? आणि ते सुरू केल्यावर आईचं उलट बिघडलं, असं का?

ती अर्ध्या तासाची गोळी म्हणजे पिरिडोस्टिग्मिन. ती ॲसिटिलकोलीन जास्त वेळ टिकवते, त्यामुळे उरलेल्या रिसेप्टरांवर भागतं. असर तीन-चार तास. १९३४ मध्ये ग्रिनिच इथल्या रुग्णालयात मेरी वॉकर या डॉक्टरीणबाईंनी याच जातीचं औषध पहिल्यांदा दिलं. मायस्थेनियाचा रुग्ण क्युरारे या विषाची बाधा झालेल्यासारखा दिसतो, तर त्या विषावरचा उतारा देऊन बघू, असा त्यांचा विचार होता. पण या गोळीने अँटिबॉडी कमी होत नाहीत. आजार आत चालूच राहतो, दिसत मात्र नाही. त्रास वाढला म्हणून मनाने गोळ्या वाढवल्या तर पोटात कळा, जुलाब, लाळ, घाम आणि शेवटी जास्तीचा अशक्तपणा.

आजाराला आवर घालायला स्टिरॉइड, अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट, रिटक्सिमॅब यांपैकी काही लागतं. स्टिरॉइड मोठ्या डोसने सुरू केलं तर पहिल्या दोन आठवड्यांत काही रुग्णांचा त्रास वाढतो, हे माहीत असलेलं वास्तव आहे. म्हणून बहुतेक डॉक्टर कमी डोसपासून चढवतात किंवा रुग्णाला दाखल करून सुरू करतात. त्या काळात गिळण्या-श्वासावर नजर ठेवा, डॉक्टरांना कळवा, पण स्टिरॉइड एकदम बंद करू नका. अझाथायोप्रिनचा परिणाम दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं. ही औषधं चालू करण्याआधी टीबी आणि कावीळ बी यांची तपासणी झाली आहे ना, ते विचारा. आपल्याकडे ते टाळून चालत नाही.

११. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९७ दाखवतो, पण वडिलांना दम लागतोय. थांबू का?

थांबू नका. कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि या एका आजारात ते फसवतात. इथे फुप्फुस चांगलं असतं, ते हलवणारे स्नायू थकत असतात. ऑक्सिजनचा आकडा खाली येतो तो अगदी शेवटी, तोवर वेळ हातातून गेलेली असते.

आकड्याऐवजी माणूस बघा. एका श्वासात वीसपर्यंत मोजता येतं का? आडवं झोपल्यावर घुसमटतं, उठून बसावं लागतं का? मान छातीवर पडते का? खोकला पोकळ, जोर नसलेला झालाय का? लाळ गिळता येत नाही, थुंकावी लागते का? यातलं एकही नव्याने दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने आयसीयू असलेलं रुग्णालय गाठा. निदान झालं नसेल तरी "मायस्थेनियाचा संशय आहे" हे शब्द दारातच उच्चारा. जाताना पाणी, गोळी काहीही जबरदस्तीने पाजू नका, ते श्वासनलिकेत जाईल.

तिथे आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी शिरेतून देणं) किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला अँटिबॉडी असलेला द्रव यंत्राने काढून बदलणं) देतात. दोन्हींचा गुण साधारण सारखाच. आयव्हीआयजीचा खर्च लाखांत जातो, प्लाझ्मा एक्स्चेंज बहुधा स्वस्त पडतं पण यंत्र आणि जाणकार हात लागतात. सरकारी योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, डिस्चार्जच्या वेळी नको. वेळेत पोचलेले बहुसंख्य रुग्ण क्रायसिसमधून बाहेर येतात.

१२. कोणती औषधं टाळायची? आणि अजून निदानच झालं नसेल तर?

नेहमीच्या दवाखान्यात सर्रास लिहिली जाणारी काही अँटिबायोटिक्स या यादीत आहेत: अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, आणि इंजेक्शनांतली जेंटामायसिन, अमिकासिन. शिवाय शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, मलेरियासाठीचं क्विनीन, सुरकुत्यांसाठीचं बोटॉक्स. रक्तदाब-धडधडीसाठीच्या प्रोप्रानोलोलसारख्या गोळ्यांनी काहींचा त्रास वाढतो, आणि काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांनीही. थेंबांना औषध कोणी समजत नाही म्हणून ते नेहमी सांगायचे राहतात.

तापाला पॅरासिटामॉल चालतं. अँटिबायोटिक लागलंच तर अमॉक्सिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिन गटातलं सहसा चालतं. यादीतलं औषध घेतलं की क्रायसिस येतोच असं नाही, आणि जीव वाचवायला तेच लागत असेल तर डॉक्टर लक्ष ठेवून देतातही. मनाने घेऊ नये, एवढंच.

निदान झालेलं नाही पण संशय आहे, तेव्हा केमिस्टकडून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. एखाद्या गोळीनंतर पापणी, आवाज, गिळणं बिघडल्याचं पूर्वी कधी घडलं असेल तर ते औषधाच्या नावासकट डॉक्टरांना सांगा. निदानाकडे नेणारा तो चांगला धागा असतो.

१३. मोतीबिंदूचं किंवा दुसरं ऑपरेशन ठरलं आहे. सांगायलाच हवं का?

हो, सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला वेगवेगळं सांगा. स्नायू सैल करणारी औषधं मायस्थेनियात नेहमीच्या मापाने देता येत नाहीत. पापणी पडते म्हणून ती उचलायचं ऑपरेशन सुचवलं गेलं असेल तर आधी न्यूरोलॉजिस्टला दाखवा. दात काढताना जागा बधिर करण्याच्या इंजेक्शनाबाबत आधी विचारून घ्या, आणि वेळ सकाळची घ्या.

१४. मुलीला मायस्थेनिया आहे. लग्न, बाळंतपण जमेल का?

जमतं. पण ठरवून. मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे, ते दिवस राहण्याच्या बरंच आधी बदलावं लागतं. पहिले तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे काही आठवडे त्रास वाढू शकतो. बाळंतपणात रक्तदाब वाढला की मॅग्नेशियम सल्फेट देण्याची पद्धत आहे, ते इथे धोक्याचं. स्त्रीरोगतज्ज्ञांना हे आधीच कागदावर लिहून द्या. आईच्या अँटिबॉडी वारेतून जातात, त्यामुळे दहातल्या एक-दोन बाळांना पहिल्या काही दिवसांत दूध ओढायला, रडायला ताकद कमी पडते. ते काही आठवड्यांत जातं, पण म्हणून प्रसूती नवजात बाळांचा विभाग असलेल्या ठिकाणीच करा. पिरिडोस्टिग्मिन आणि प्रेडनिसोलोनवर अंगावर पाजता येतं.

लग्न जमवताना सांगायचं की नाही, असं फार जण विचारतात. सांगावं, असं माझं मत. लपवलेली गोळी वेळेवर घेता येत नाही.

१५. हा आनुवंशिक आहे का? आमच्या दोन वर्षांच्या मुलाच्या पापण्या जन्मापासून पडतात.

मायस्थेनिया ग्रॅव्हिस वडिलांकडून मुलाकडे सरळ जात नाही आणि संसर्गाने तर नाहीच. पण जन्मापासून किंवा तान्हेपणापासून असलेला त्रास हा वेगळाच आजार असू शकतो: जन्मजात मायस्थेनिक सिंड्रोम. त्यात अँटिबॉडी नसतात, जनुकातच बिघाड असतो. तो बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून एक-एक सदोष जनुक आल्याने होतो, म्हणून मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या घरांत शक्यता वाढते. डॉक्टरांनी नात्यातलं लग्न आहे का असं विचारलं तर लाजू नका. या मुलांना स्टिरॉइडचा उपयोग नसतो आणि काही प्रकारांत पिरिडोस्टिग्मिननेच बिघडतं. त्यामुळे मोठ्यांची औषधं अंदाजाने सुरू करण्याआधी जनुकीय तपासणीचं बघा.

१६. काल रात्री ठीक होता, आज पहाटे दोन्ही पापण्या पडल्या. मायस्थेनियाच ना?

आधी साप. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, मळमळतं, मग पापण्या पडतात, गिळता येत नाही आणि काही तासांत श्वास थांबतो. नागाच्या विषानेही पापण्या अशाच पडतात. पावसाळ्यात, शेतातल्या घरात, खाली झोपलेल्या धडधाकट माणसाच्या पापण्या एका रात्रीत पडल्या तर चावा दिसो न दिसो, प्रतिविष आणि व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय लगेच गाठा. मायस्थेनिया असा काही तासांत पहिल्यांदा उगवत नाही.

१७. अँटिबॉडी निगेटिव्ह, आरएनएस नॉर्मल. डॉक्टर म्हणतात मानसिक आहे. आता?

निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे आजार नाही, असं या आजारात म्हणता येत नाही. थोड्या रुग्णांत दोन्ही अँटिबॉडी सापडत नाहीत. सिंगल फायबर ईएमजी, म्हणजे बारीक सुईने स्नायूच्या एकेका तंतूचे विजेचे संकेत मोजणं, ही सगळ्यांत बारीक तपासणी आहे. मोजक्या ठिकाणी होते, पण तिच्यासाठी मुंबई, पुणे किंवा बंगळुरूच्या निम्हान्सपर्यंतचा प्रवास करायला हरकत नाही. त्रास असलेल्या स्नायूवर केलेली ती टेस्ट नॉर्मल आली तर मायस्थेनियाची शक्यता खूपच कमी होते. मग दुसरीकडे शोधावं, हेही मोकळेपणाने स्वीकारायला हवं. काही महिन्यांनी अँटिबॉडी पुन्हा तपासली तर ती पॉझिटिव्ह येऊ शकते.

मस्क प्रकाराकडे विशेष लक्ष हवं. त्यात डोळ्यांपेक्षा जीभ, गिळणं, मान यांचा त्रास जास्त, पिरिडोस्टिग्मिनचा गुण कमी आणि रिटक्सिमॅबचा चांगला. "गोळीने फरक नाही, म्हणजे मायस्थेनिया नाही" हा निष्कर्ष तिथे चुकतो. उलट बाजूनेही लक्षात ठेवा: अँटिबॉडीचा आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असं नसतं. दर महिन्याला तो तपासून पैसे घालवू नका.

१८. वडिलांना पायांपासून सुरू झालं, तोंडाला कोरड असते, थोडं चाललं की उलट बरं वाटतं. हे बसतं का?

पूर्ण बसत नाही, आणि ते बरोबर ओळखलंत. लँबर्ट-ईटन नावाचा याचाच भाऊबंद आजार आहे. त्यात थोडा व्यायाम केल्यावर ताकद क्षणभर वाढते. विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसात त्यामागे फुप्फुसाचा कर्करोग असू शकतो, कधी कर्करोगाची इतर लक्षणं दिसण्याच्या आधीच. छातीचा सीटी लांबवू नका.

१९. गावचे लोक बाहेरचं आहे म्हणतात, देवऋषीकडे चला म्हणतात. आयुर्वेदिक चालेल का?

संध्याकाळी बिघडतं आणि सकाळी ठीक होतं, हा क्रमच असा आहे की लोकांना तसं वाटतं. घरच्यांशी भांडत बसू नका, बर्फाची टेस्ट त्यांच्यासमोर करून दाखवा (प्रश्न ७). दर्शनाला जायचं तर जा, गोळ्या बरोबर न्या. आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथी सुरू करायचं असेल तर न्यूरोलॉजिस्टला सांगून, आणि चालू औषधं एक दिवसही न थांबवता. स्टिरॉइड एकाएकी तोडून काढा सुरू केलेले रुग्ण आयसीयूत जातात.

२०. आईचं निदान आठ वर्षांनी झालं. आता उपचाराचा काही उपयोग आहे का?

आहे. रिसेप्टर शरीर नव्याने तयार करत राहतं. अँटिबॉडी कमी झाल्या की जुन्या आजारातही गिळणं, बोलणं, हात-पाय बऱ्याच अंशी सुधारतात. छातीचा सीटी अजून झाला नसेल तर आधी तो करा. डोळे पूर्ण फिरले नाहीत तर चष्म्यात प्रिझम बसवून एकाचे दोन दिसणं कमी करता येतं, आणि आजार बराच काळ स्थिर असेल तर पापणीचं ऑपरेशनही होऊ शकतं. थायमस काढण्याबाबत मात्र वय आणि आजाराची वर्षं पाहून डॉक्टर नाही म्हणू शकतात. त्यांना प्रश्न ९ मधली चाचणी दाखवून आग्रह धरू नका, ती या रुग्णांवर झालेली नाही.